ब्रेकच्या कामानंतर गाडीची ओढ : कारणे, निदान आणि उस्मानपुरा

सरळ चालणारी गाडी ब्रेकच्या कामाला गॅरेजात जाते आणि परत येताना डावीकडे किंवा उजवीकडे ओढू लागते, हा मोटारींच्या आजारांतला नेहमीचा प्रकार आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागात त्याच्या अभ्यासाची उत्तम सोय आहे. एकीकडे क्रांती चौक, दुसरीकडे रेल्वे स्टेशन, तिसरीकडे पीर बाजार. मधल्या रस्त्यांवर दर पन्नास पावलांना ब्रेक दाबावा लागतो, त्यामुळे लक्षण फार काळ लपून राहत नाही. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात, स्टेशन रोडवर आहे. म्हणजे सिद्धान्तही हाकेच्या अंतरावर आहे. शहराजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच वाळूजमध्ये एंड्युरन्स कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. परिणामी शहरातल्या बहुतेक कुटुंबांत ब्रेकविषयी अधिकारवाणीने बोलणारे एक तरी काका असतात. उपचाराला उशीर होतो तो बहुधा या काकांमुळेच.

आजार लक्षात येण्याचा क्रम ठरलेला आहे. गॅरेजातून निघालेली गाडी उस्मानपुऱ्यातल्याच गोपाल टीच्या चौकाशी येते, समोर आडवी रिक्षा येते, ब्रेक दाबला जातो आणि स्टिअरिंग हातातल्या हातात थोडे फिरते. चालवणारा आधी स्वतःच्या हातावर संशय घेतो, मग रस्त्यावर, मग महापालिकेवर आणि सर्वांत शेवटी मिस्त्रीवर. गाडी परत गॅरेजाच्या दारात लागली की भोवती चार माणसे जमतात. त्यांचे प्रश्न असे असतात : किती घेतले? सामान कंपनीचे होते का? आधी दुसरीकडे का नाही दाखवली? यांतल्या कोणत्याही प्रश्नाच्या उत्तराने गाडी सरळ होत नाही.

उपयोगाचा प्रश्न एकच : गाडी नेमकी केव्हा ओढते? त्याची तीन उत्तरे संभवतात. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर दोन बाजूंच्या ब्रेकच्या जोरात फरक आहे. ब्रेक दाबो न दाबो, कायमच ओढत असेल, तर टायर, हवा, अलाइनमेंट किंवा खुद्द रस्ता यांची चौकशी करावी. निघताना सरळ आणि चार-पाच किलोमीटरनंतर हळूहळू ओढ, असा प्रकार असेल, तर एखादा ब्रेक दाबल्यावर पुरता सुटत नाही, घासत राहतो आणि तापत जातो. गाडीमालक यांपैकी काहीच सांगत नाही. तो म्हणतो, “आधी असं नव्हतं.” हे वाक्य तंत्रज्ञानाच्या कसोटीवर फुसके वाटते, पण निदानाच्या दृष्टीने त्याच्याइतके मोलाचे वाक्य सबंध संभाषणात दुसरे नसते. कालपर्यंत सरळ चालणाऱ्या गाडीत आज जे बदलले, तिथेच दोष असण्याचा संभव सर्वाधिक असतो. आणि आज बदलला तो ब्रेक. मिस्त्रीला मात्र त्या वाक्यात आरोप ऐकू येतो. म्हणून तो शोधाला सुरुवात करतो ती गाडीच्या अशा भागापासून, ज्याला त्याचा हात लागलेला नाही.

रस्त्याचा निकाल आधी लावलेला बरा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. रुंदीच्या दर मीटरला साधारण दोन सेंटीमीटर उतार. भारतात गाडी डाव्या बाजूने चालते, त्यामुळे निरोगी गाडीही हात सोडल्यास अंमळ डावीकडे झुकते. शंका फेडण्यासाठी उतार उलटा मिळाला पाहिजे, म्हणजे गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालवली पाहिजे. ही चाचणी उस्मानपुऱ्यात अनेक जण रोज, कोणत्याही यांत्रिक हेतूशिवाय, करतात. त्यात सामील होण्याची गरज नाही. सकाळी लवकर एखादे सपाट मैदान किंवा पक्के आवार गाठून तीसच्या वेगाने दोन-चार वेळा ब्रेक मारला की पुरते. नळ योजनेसाठी खणून पुन्हा बुजवलेल्या पट्ट्यावर मात्र चाचणी घेऊ नये. तिथे प्रत्येक चाक वेगळे मत देते.

आता ओढीच्या दिशेचा नियम. जोडीतल्या डाव्या बैलाने जास्त जोर केला तर बैलगाडी उजवीकडे वळते. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, आणि नेमके तेच ब्रेकच्या बाबतीत घात करते, कारण ब्रेकचे काम ओढण्याचे नसून अडवण्याचे आहे. डावे चाक जास्त अडले की उजवे पुढे सरते आणि गाडी डावीकडे जाते. थोडक्यात, ज्या बाजूचा ब्रेक चांगला चालतो त्या बाजूला गाडी ओढते. भर पडते ती स्टिअरिंगच्या भूमितीची : चाक ज्या आसाभोवती वळते तो आस जमिनीला जिथे भिडतो तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो त्याचा मध्य, यांत थोडे अंतर असते, आणि एका चाकाला जास्त ब्रेक लागला की तेवढ्या तरफेने स्टिअरिंग स्वतःच फिरू लागते. हे अंतर उलट्या बाजूला ठेवले तर ओढ आपोआप सावरली जाते, हे जर्मन अभियंत्यांनी १९७२ च्या आउडी ८० मध्ये करून दाखवले. जुन्या गाड्यांना तशी सवलत नाही.

या नियमाचा व्यावहारिक परिणाम करुण असतो. मालक सांगतो, डावीकडे ओढते. मिस्त्री डावे चाक खोलतो. तिथे सगळे ठीक असते, कारण तो बिचारा ब्रेक आपले काम चोख करत असतो. तरीही त्याला घासतात, पुसतात, पाना फिरवून दोन शब्द सुनावतात आणि परत बसवतात. गाडी पुन्हा डावीकडे ओढते. पुन्हा डावे चाक खुलते. उजव्या बाजूचा आळशी ब्रेक हा सगळा वेळ सावलीत निवांत असतो. निदानाचा शहाणा क्रम असा की डावीकडे ओढत असेल तर आधी उजवे खोलावे, मग डावे, आणि दोन्हींची शेजारी शेजारी तुलना करावी. डावा अगदीच निर्दोष असेल असेही नाही. तो सुटत नसला, अडकून राहिलेला असला, तरी गाडी डावीकडेच जाते. फरक हाताला कळतो : ओढ फक्त ब्रेकसोबत येऊन जात असेल तर उजव्यावर संशय घ्यावा, ब्रेक सोडल्यावरही ती रेंगाळत असेल तर डाव्यावर.

ब्रेकचे काम नुकतेच झालेले असताना सर्वांत पहिला संशयित म्हणजे मिस्त्रीची बोटे. ज्या हाताने अॅक्सलच्या बुटातले ग्रीस काढले, त्याच हाताने नवा पॅड खोक्यातून निघतो. पॅडचा किंवा लायनरचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. ग्रीस किंवा ब्रेक ऑइलचे चार थेंब त्यात मुरले की त्या बाजूचा ब्रेक घसरतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला जाते. ड्रम ब्रेकमध्ये कधी कधी उलटेही होते : थोडके ऑइल लागलेला लायनर घसरायचे सोडून चाक एकदम पकडतो. यावर गॅरेजातले पारंपरिक उपचार दोन. एक, पॉलिश पेपरने घासणे. दोन, पॅडवर पेट्रोल टाकून पेटवून देणे. दुसरा उपचार प्रेक्षणीय असल्यामुळे लोकप्रिय आहे. मालकाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात आणि शेजारच्या दुकानातले लोकही बघायला येतात. परंतु आत मुरलेले तेल दोन-तीन कडक ब्रेकनंतर उष्णतेने पुन्हा वर येते. खरा इलाज नवा जोड हाच. जोड हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण एका अॅक्सलवरच्या दोन्ही चाकांना एकाच मेकचे, एकाच खोक्यातले पॅड लागतात. “उजवीकडचे अजून पंचवीस टक्के आहेत, कशाला बदलता?” हा सल्ला कनवाळू असला तरी त्यातून डावीकडे नवा पॅड, उजवीकडे तीन वर्षांचा, आणि मध्ये गाडीमालक अशी व्यवस्था तयार होते.

दुसरा संशयित हवा. द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला आहे. मोटारींनी तो विसाव्या शतकात मनावर घेतला. त्यापूर्वी ब्रेक दांड्यांनी आणि वायरींनी ओढले जात, प्रत्येक चाकाचा ताण वेगळा जुळवावा लागे आणि गाडीने सरळ थांबणे हा अपवाद मानला जाई. १९२१ च्या ड्युझेनबर्ग गाडीने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि प्रश्न तत्त्वतः सुटला. तत्त्वतः अशासाठी की द्रव दाबला जात नाही पण हवा दाबली जाते, आणि पाइप उघडला की हवा आत शिरते. हवा शिरलेल्या बाजूला दाब उशिरा चढतो. पेडल लोण्यासारखे लागते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी जोडलेले असते, म्हणजे एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. पण मग एकाच मार्गात हवा राहिली तर पुढच्या दोन चाकांत सरळसरळ भेदभाव होतो.

हवा काढण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. मिस्त्री चाकाशी बसून हवा सोडण्याच्या निपलला पाना लावतो. पेडलवर छोटू असतो, आणि छोटू चहा आणायला गेला असल्यास खुद्द मालक. विधी असा : “मारा.” पेडल तीन-चार वेळा दाबले जाते. “दाबून धरा.” “धरलं.” निपल सैल होते, ऑइलबरोबर बुडबुडे येतात, निपल आवळले जाते. “सोडा.” यात एकच पथ्य आहे, निपल बंद होण्याआधी पाय उचलायचा नाही; उचलला तर बाहेर गेलेली हवा निपलवाटेच परत आत खेचली जाते. उस्मानपुऱ्याच्या रस्त्यालगत हे पथ्य सांभाळणे अवघड, कारण “सोडू नका” यातला “नका” नेमका रिक्षाच्या हॉर्नखाली जातो. या विधीत सगळ्यांचे लक्ष चाकाकडे असल्याने बॉनेटमधल्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे कोणी बघत नाही. ती रिकामी झाली की वरून नवी हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून. पेडलवर मालक असेल तर एव्हाना त्याचा पाय भरून आलेला असतो आणि ब्रेकविषयीचे कुतूहल संपलेले असते.

हवेच्या प्रकरणात एक नमुनेदार चूक वारंवार आढळते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसतो. कित्येक गाड्यांत दोन्हींचे नट सारखेच असल्यामुळे कोणी अडवत नाही. तसे झाले की वर असायला हवे ते निपल खाली येते. हवा वर राहते, निपलमधून स्वच्छ ऑइल निघत राहते, एक बाटली संपते, दुसरी येते, आणि पेडल लोण्यासारखेच राहते. निपल वरच्या टोकाला आहे ना, एवढे बघायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद सहसा तिसऱ्या बाटलीनंतर मिळतात.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या किंवा गंजलेल्या असतील, तर दोन पॅडांपैकी आतला एकटाच डिस्कवर दाबला जातो. त्यांना विशेष प्रकारचे उष्णता सोसणारे ग्रीस लागते. बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि पिन आधीपेक्षा घट्ट अडकते. म्हणजे निष्काळजीपणाने कोरडी राहिलेली पिन चालेल, प्रेमाने भलते ग्रीस लावलेली नको. नवे, जाड पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्या पिस्टनच्या भागावर गंज आणि धूळ असते; ती रबरी सीलच्या आत गेली की पिस्टन तिथेच मुक्काम करतो. जुन्या पॅडांवर तक्रार नव्हती आणि नव्यावर आली, याचे हे एक प्रामाणिक कारण आहे, आणि यात मिस्त्रीचा दोष कमी असतो. नेमक्या याच वेळी तो ते सांगत नाही.

रबरी होज पाइपचे दुखणे सर्वांत फसवे. पॅड बदलताना कॅलिपर तारेने बांधून ठेवावा असा नियम आहे. व्यवहारात तो होजवर लोंबकळत असतो, कारण तार शोधण्यापेक्षा लोंबकळू देणे सोपे. जुना होज आतून फाटतो, बाहेरून ठणठणीत दिसतो. मग पेडलच्या जोराने ऑइल आत जाते पण सोडल्यावर परत यायला मागत नाही. अशी गाडी ब्रेक दाबताना एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे ओढते. मालक दोन्ही दिशा सांगतो, मिस्त्री समजतो की याला डावे-उजवे कळत नाही, आणि संवाद तिथे थांबतो. वास्तविक या एका लक्षणावर पैज लावावी. खात्री करण्याची रीत सुंदर आहे : चाक जॅकवर उचलावे, ब्रेक दाबून सोडावा, हाताने चाक फिरत नसेल तर निपल अर्धा आटा सैल करावे. चाक लगेच मोकळे झाले तर दाब मागे कुठेतरी, बहुधा होजमध्ये, कोंडलेला आहे. तरीही जामच राहिले तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. पाच मिनिटांत, एक पैसा न खर्चता, दोन वेगळे आजार वेगळे होतात. गॅरेजात मात्र या चाचणीला फारसा मान नाही. तिच्यातून काही विकले जात नाही.

ड्रम ब्रेकचा स्वभाव डिस्कपेक्षा तापट. फिरणारा ड्रम आपल्यावर दाबलेल्या एका शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट करतो, त्यामुळे थोडा दाब मोठा होतो आणि डाव्या-उजव्यातला थोडा फरकही मोठा होतो. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात पुढेही ड्रमच असत. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढली की एका बाजूचा लायनर आधी वाळायचा आणि दुसरा नंतर. मधल्या काळात चालक दोन्ही हातांनी गाडीशी भांडत असे. अशा गाड्यांवर वाढलेले काका आजही प्रत्येक ओढीवर “अॅडजस्टमेंट टाइट झाली असेल” असे सांगतात. आताच्या मोटारींत पुढे डिस्क असल्याने ते बहुधा चुकतात. रिक्षाच्या बाबतीत बहुधा बरोबर ठरतात, कारण नेहमीच्या प्रवासी रिक्षाला तिन्ही चाकांना ड्रमच असतात. रिक्षाचे निदान सोपेही आहे : पुढचे चाक एकच असल्याने त्याच्या ब्रेकवर पक्षपाताचा आरोप करता येत नाही, शोध मागच्या दोन चाकांत संपतो. मात्र चाचणी घेताना चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रवासी अर्धा बाहेर बसलेला नसावा. पीर बाजारकडून येणाऱ्या रिक्षांत अशी अवस्था मिळणे दुर्मीळ, म्हणून चाचणी सकाळी पहिल्या भाड्याआधी घ्यावी.

ब्रेकचे काम करताना चाके निघतात, आणि ब्रेकशी संबंध नसलेली काही दुखणी त्यातूनच उपटतात. निघालेली पुढची दोन चाके अदलाबदल होऊन बसली तर टायरच्या बांधणीतली तिरपाई बाजू बदलते आणि कालपर्यंत सावरलेली ओढ उघडी पडते. चाके पुन्हा आपापल्या जागी लावली आणि ओढ गेली किंवा फिरली, तर गुन्हेगार टायरच. हवा कमी असलेल्या टायरकडे गाडी झुकते हे सर्वांना माहीत आहे, तरीही हवा सर्वांत शेवटी बघितली जाते. ती फुकट किंवा दहा-वीस रुपयांत भरून मिळत असल्याने तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नसावा. लोअर आर्मचा बुश सैल असेल तर ब्रेक दाबताच ते चाक किंचित मागे सरकते आणि गाडी वळते. जुने, गुळगुळीत पॅड होते तोवर हा सैलपणा झाकला गेला होता; नव्या पॅडांनी कडक ब्रेक लागू लागला आणि बुशाचे बिंग फुटले. यात ब्रेकचे काम चांगले झाल्याचाच पुरावा असतो, पण तो मालकाला पटवण्याइतके शब्द कोणाकडे नसतात.

राहता राहिले अलाइनमेंट. गाडीच्या प्रत्येक तक्रारीवर कोणीतरी अलाइनमेंट सुचवतेच. आवाज येतो, अॅव्हरेज पडत नाही, एसी थंड करत नाही, तरी अलाइनमेंट. यंत्र चाकांना आरसे लावून मोजमाप करते आणि लाल-हिरव्या आकड्यांचा छापील कागद देते. त्या कागदाचा मानसिक गुण मोठा आहे. पण चाकांचे कोन पॅड बदलल्याने बदलत नाहीत. टाय रॉडला किंवा सस्पेन्शनला हात लागला असेल, तरच अलाइनमेंटला या प्रकरणात स्थान आहे. नाहीतर पुढे-मागे लाल आकडे हिरवे होतात आणि गाडी हिरव्या आकड्यांसह डावीकडे जाते.

“नवा माल है साहेब, टेन्शन नक्को, बैठ जाता.” हे उस्मानपुऱ्यातले प्रमाण उत्तर अर्धे खरे आहे. नवा पॅड डिस्कच्या पृष्ठभागाशी जुळून यायला दोनेकशे किलोमीटर लागू शकतात, आणि दोन बाजू सारख्याच वेगाने जुळतील असे नाही. ओढ सुरुवातीला हलकी असेल आणि रोज कमी होत असेल, तर थांबावे. जुळवण्याची रीत अशी की मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावावा, पूर्ण थांबू नये, मध्ये थंड होऊ द्यावे आणि असे आठ-दहा वेळा करावे. उस्मानपुऱ्यात पन्नासचा वेग रात्री बारानंतरच मिळतो, म्हणून दर्गा रस्त्याने संग्रामनगरचा उड्डाणपूल ओलांडून बीड बायपासला जाणे बरे. ओढ वाढत असेल, चाक तापत असेल, जळका वास येत असेल, तर “बैठ जाता” लागू नाही. तिथे बसेल तो ब्रेकच, तोही कायमचा.

तापलेले चाक ओळखायला हात लावू नये. डिस्कचे तापमान कातडी सोलण्याइतके सहज चढते. ब्रेक फारसा न वापरता तीन-चार किलोमीटर गाडी चालवावी, थांबून प्रत्येक रिमच्या मध्याशी, चाकाच्या नटांजवळ, पाण्याचे दोन थेंब टाकावेत. एका चाकावर ते चर्र करून उडाले आणि बाकी तिन्हींवर ओघळले, तर निदान झाले. जवळ पाण्याची बाटली नसल्यास कोणाकडे तरी मागावी लागते. ज्या शहरात नळाला दर दिवशी पाणी येत नाही, तिथे चाकाला पाणी पाजण्याचे कारण नीट समजावून सांगावे लागते.

याहून नेमके उत्तर रोलरच्या यंत्रावर मिळते. गाडीची चाके दोन रोलरांवर ठेवून फिरवतात, ब्रेक दाबतात आणि प्रत्येक चाक किती जोराने अडवते ते आकड्यात दिसते. डावे-उजवे यांच्यातला फरक लपत नाही. फिटनेस तपासणीच्या आधुनिक केंद्रांत ही सोय असते. खासगी मोटारीवर हा प्रसंग नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे पंधरा वर्षांनी येतो. रिक्षा-टॅक्सीला मात्र एक-दोन वर्षांनी फिटनेस लागतो. त्यामुळे उस्मानपुऱ्यात सरकारी नजरेने सर्वाधिक वेळा पाहिलेले ब्रेक रिक्षाचे आहेत. रस्त्यावरून हे सहजासहजी लक्षात येत नाही.

गॅरेजातली पर्यायी चाचणी म्हणजे ट्रायल. मिस्त्री मालकाला शेजारी बसवतो, क्रांती चौकाच्या दिशेने गाडी पळवतो, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडतो, ब्रेक मारतो आणि विचारतो, “कुठं ओढते?” मालकाने त्या क्षणी दाराचा दांडा धरलेला असतो आणि डोळे मिटलेले असतात, त्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. गाडी गेली ती सरळच गेली, असे मिस्त्रीच्या बाजूने नोंदवले जाते. एबीएस असलेल्या गाडीचा मालक मग एबीएसचा दाखला देतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढेच त्याचे काम. डावा पॅड ग्रीसने माखला आहे हे त्याला कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. उलट त्याच्या यंत्रणेत हवा शिरली तर ती काढायला काही गाड्यांत संगणक जोडावा लागतो, आणि “मारा, धरा, सोडा” यावर ती दाद देत नाही.

दोष सापडून दूर झाल्यावर काही गोष्टी तपासायच्या राहतात. चारही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत. पेडल दाबून मिनिटभर धरले तर खाली सरकता कामा नये. डबीतले ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे, आणि रंगावर सांडलेले लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग उतरवते. उघडी राहिलेली बाटली जपून ठेवू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा २०५ अंशांचा उत्कलनबिंदू ओल मुरल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतो. चाकांचे नट आडवे-तिरपे क्रमाने आवळावेत आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघावेत.

काढलेले जुने पॅड मागून घ्यावेत. त्यांच्याकडे नीट पाहिले तर बराच इतिहास वाचता येतो : एक पॅड पातळ आणि जोडीचा जाड असेल तर पिना अडकत होत्या, एकच पॅड एका टोकाला तासल्यासारखा झिजला असेल तर कॅलिपर वाकडा बसत होता, पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल तर तो कधीतरी फार तापला होता. मिस्त्री हे पॅड नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून मालकाच्या हाती देतो. मालक ते खोके न उघडता डिकीत, स्टेपनीच्या शेजारी ठेवतो, आणि गाडी विकली जाते तेव्हा ते गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते.